मतं ३४ टक्के, जागा ४११: ब्रिटनच्या निवडणुकीचे अंदाज कसे बांधतात आणि कुठे फसतात

३ जुलै २०२४, बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ब्रिटनमध्ये मतदान सुरू होणार होतं. त्या संध्याकाळपर्यंत जनमत चाचण्या घेणाऱ्या तीन नावाजलेल्या संस्थांचे शेवटचे अंदाज लोकांसमोर आले होते. सर्व्हेशनच्या मते मजूर पक्षाला ४८४ जागा मिळणार होत्या आणि सत्ताधारी हुजूर पक्षाच्या हाती फक्त ६४ उरणार होत्या. यूगव्हचा अंदाज होता ४३१ आणि १०२. मोअर इन कॉमनचा ४३० आणि १२६.

सत्ता बदलणार, यावर तिघांचं एकमत. पण हारणाऱ्याकडे ६४ जागा उरणार की १२६, हा फरक दुपटीचा आहे. चौसष्टवर आलेला पक्ष जगतो की नाही अशी चर्चा सुरू होते. सव्वाशेवरचा पक्ष जखमी असतो, पण विरोधी बाकांवर बसून पुढच्या निवडणुकीची तयारी करू शकतो. देश तोच, मतदार तेच, आठवडाही तोच. मग आकडे इतके वेगळे कसे?

प्रत्यक्ष निकाल लागला तेव्हा मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या आणि हुजूर पक्षाला १२१. आणि मजूर पक्षाची मतं? ३३.७ टक्के. म्हणजे शंभरातल्या ६६ मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं, आणि तरी जवळपास दोन तृतीयांश संसद त्यांची झाली.

ब्रिटनच्या निवडणुकीचा कुठलाही अंदाज वाचताना मी आधी एवढंच बघतो की तो मतांचा आहे की जागांचा. ही दोन वेगवेगळी गणितं आहेत. टीव्हीवरच्या चर्चेत ती सर्रास एकत्र कालवली जातात आणि मग सगळाच गोंधळ होतो.

मतं आणि जागा यांचं नातं

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० जागा आहेत: इंग्लंडच्या ५४३ (आपल्या लोकसभेइतक्याच), स्कॉटलंडच्या ५७, वेल्सच्या ३२ आणि उत्तर आयर्लंडच्या १८. ज्याला मतदारसंघात सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला. निम्म्याहून जास्त मतं मिळवायची अट नाही, दुसरी फेरी नाही. ही पद्धत आपण त्यांच्याकडूनच घेतली, त्यामुळे मराठी वाचकाला ती समजावून सांगायची गरज नाही. चौरंगी लढतीत मतं फुटली की तीस टक्क्यांवरही गुलाल उधळला जातो, हे आपण गावोगाव बघितलंय.

देशपातळीवर याचे परिणाम काय होतात ते बघा. १९८३ साली लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला २५.४ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या २३. मजूर पक्षाला २७.६ टक्के, म्हणजे जेमतेम दोन टक्के जास्त, आणि जागा २०९. २०१५ साली यूके इंडिपेन्डन्स पार्टीला ३८ लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि त्यांचा एकच खासदार निवडून आला. त्याच निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीने पाच टक्क्यांहून कमी मतांत ५६ जागा घेतल्या. २०२४ मध्ये नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा. लिबरल डेमोक्रॅटांना १२.२ टक्के मतं आणि ७२ जागा. १९५१ साली तर मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मतं पडली होती, तरी जागा कमी आल्या आणि चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले.

कारण मतं देशभर कशी पसरली आहेत यावर सगळं ठरतं. प्रत्येक मतदारसंघात पंधरा टक्के मतं मिळवणारा पक्ष सगळीकडे तिसरा येतो. तीच मतं मोजक्या सत्तर-ऐंशी मतदारसंघांत साठवली तर तिथे तो पहिला येतो. स्कॉटिश नॅशनल पार्टी फक्त स्कॉटलंडमध्येच लढते, तिची मतं आपोआप एका जागी गोळा होतात. १९८३ च्या त्या आघाडीतूनच पुढे झालेल्या लिबरल डेमोक्रॅटांनी हे वर्षानुवर्षं हाल सोसून शिकून घेतलं: जिथे जिंकता येईल तिथेच माणसं पाठवायची, बाकीच्या ठिकाणी उमेदवार नावापुरता. १९८३ ला २५ टक्क्यांत २३ आणि २०२४ ला १२ टक्क्यांत ७२. मतं निम्मी आणि जागा तिप्पट!

हॅरोमधलं एक घर

आता माणसांकडे वळू. अंदाज शेवटी माणसांच्या मनाचे असतात आणि एकाच घरात चार मनं असू शकतात.

वायव्य लंडनमधल्या हॅरो भागात भारतीय वस्ती मोठी आहे. तिथलं एक मराठी घर डोळ्यासमोर आणा. मतदानाच्या आदल्या रात्रीचं जेवण. वडील वीस वर्षांपूर्वी आयटीच्या नोकरीवर आले, आता स्वतःची छोटी कंपनी चालवतात. आई सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नर्स. मुलगी विद्यापीठात. आणि पुण्याहून शिकायला आलेला भाचा, निखिल, काही महिन्यांपासून वरच्या खोलीत राहतोय.

"मी दर वेळी हुजूर पक्षालाच देतो," वडील म्हणतात. "कर वाढला की धंदा बसतो. आणि मजूर पक्षवाले खासगी शाळांच्या फीवर व्हॅट लावणार म्हणतायत."

"चौदा वर्षं तेच आहेत ना सत्तेवर?" आई म्हणते. "आमच्या वॉर्डात येऊन बघा एकदा. लोक ऑपरेशनसाठी महिनोन्‌महिने थांबतात. मी मजूर पक्षाला देणार."

"बाबा, दोघांतही मला फरक दिसत नाही. मी ग्रीन पार्टीला देतेय," मुलगी म्हणते. गाझाबद्दल दोन्ही मोठ्या पक्षांनी जी भूमिका घेतली ती तिला पटलेली नाही.

"मामा, मला या सगळ्याचं काय? मला फक्त व्हिसाची काळजी आहे," निखिल म्हणतो. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची अट त्याच वर्षी एप्रिलमध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली होती. शिक्षण संपल्यावर तेवढ्या पगाराची नोकरी मिळेल का, हा त्याचा घोर.

मी हे घर हॅरो ईस्ट मतदारसंघात ठेवलंय. २०२४ मध्ये देशभर हुजूर पक्षाचं पानिपत होत असताना तिथे त्याच पक्षाचे बॉब ब्लॅकमन निम्म्याहून जास्त मतं घेऊन पुन्हा निवडून आले. म्हणजे या घरात त्या रात्री कितीही वाद झाला असता तरी निकालावर त्याचा परिणाम झाला नसता.

आता हेच घर उचलून लंडनच्या नैर्ऋत्येला वोकिंगमध्ये ठेवा. तिथे वर्षानुवर्षं हुजूर पक्ष निवडून येत होता आणि त्याला टक्कर द्यायची ताकद मजूर पक्षापेक्षा लिबरल डेमोक्रॅटांत जास्त होती. तिथे आईने काय केलं असतं? तिचं मत बदललेलं नाही, रागही तोच आहे. पण सरकारला पाडायचं तर मजूर पक्षाला दिलेलं मत वाया जाणार, हे तिला ठाऊक आहे. मग ती मनाविरुद्ध का होईना, लिबरल डेमोक्रॅटच्या नावासमोर फुली मारते. २०२४ ला वोकिंग लिबरल डेमोक्रॅटांनी जिंकलं.

आपल्याकडे याला पाडापाडी म्हणतात. ब्रिटनमध्ये याला टॅक्टिकल व्होटिंग असं सभ्य नाव आहे, कृती तीच. अंदाज बांधणाऱ्याची पहिली अडचण इथे उभी राहते. "तुम्हाला कुठला पक्ष आवडतो?" या प्रश्नाचं उत्तर आणि "उद्या फुली कुठे मारणार?" याचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि दुसरं उत्तर तुम्ही कुठे राहता यावर बदलतं.

शितावरून भात

जनमत चाचणीचं तत्त्व आपल्याला स्वयंपाकघरातच कळलेलं असतं: शितावरून भाताची परीक्षा. हजार-दोन हजार लोकांना विचारून साडेचार-पाच कोटी मतदारांचा कल सांगता येतो, यात जादू नाही. पण शीत कुठून उचललं यावर सगळं अवलंबून. पातेल्याच्या वरचा भात कच्चा असतो आणि तळाचा लागलेला. चमचा नेहमी वरूनच घातला तर हजार शितं तपासूनही परीक्षा चुकणार.

ब्रिटनमध्ये हे दोनदा फार वाईट रीतीने घडलं. ९ एप्रिल १९९२ च्या आदल्या दिवशी चाचण्यांची सरासरी मजूर पक्षाला किंचित पुढे दाखवत होती. मजूर पक्षाचे नेते नील किनॉक पंतप्रधान होणार किंवा त्रिशंकू संसद येणार, असं वातावरण होतं. निकाल लागला तेव्हा जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष जवळपास साडेसात टक्क्यांनी पुढे होता आणि त्याला स्पष्ट बहुमत होतं. तेव्हापासून 'शाय टोरी' हा शब्द रूढ झाला: हुजूर पक्षाला मत देणारा, पण विचारलं तर सांगायला लाजणारा माणूस.

मग २०१५. ७ मेच्या आधीच्या शेवटच्या चाचण्यांत दोन्ही पक्ष ३४-३४ वर अडकलेले. वर्तमानपत्रांनी आघाडी सरकारांची गणितं मांडून ठेवली होती. प्रत्यक्षात हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे निघाला आणि डेव्हिड कॅमेरन यांना एकट्याच्या बळावर बहुमत मिळालं. सगळ्या संस्था एकाच दिशेने आणि जवळपास सारख्याच चुकल्या होत्या. म्हणून प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. २०१६ मध्ये तिचा निष्कर्ष आला: लाजाळू मतदार किंवा शेवटच्या क्षणी बदललेली मनं यांवर खापर फोडता येणार नाही. शितंच चुकीची उचलली होती. चाचण्यांत राजकारणात रस असलेले तरुण जास्त आले होते, आणि सत्तरीपुढचे, रोज उठून बागेत काम करणारे, ऑनलाइन फॉर्म न भरणारे लोक कमी. ती मंडळी हुजूर पक्षाला मत देतात आणि न चुकता देतात.

चूक सापडली, ती सुधारली, आणि सुधारणेतूनच पुढची चूक झाली. २०१५ मध्ये तरुणांचा आवाज वाजवीपेक्षा मोठा ऐकू आला म्हणून २०१७ मध्ये अनेक संस्थांनी "तरुण मतदानाला येत नाहीत" असं धरून त्यांचं वजन कमी केलं. हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी निवडणूक जाहीर केली तेव्हा काही चाचण्यांत त्या वीस टक्क्यांनी पुढे होत्या. शेवटच्या चाचण्यांतही अनेकांनी आरामशीर आघाडी दाखवली. निकालात ती उरली अडीच टक्के आणि त्यांचं बहुमतच गेलं.

मला यात अंदाज बांधणाऱ्यांचा हलगर्जीपणा दिसत नाही. त्यांचं काम फार अवघड आहे. कोण कुणाला मत देणार हे विचारता येतं. पण कोण खरोखर घराबाहेर पडणार, हे त्या माणसालाही आदल्या रात्री नक्की माहीत नसतं. २०२४ ला साधारण साठ टक्केच लोक मतदानाला आले. म्हणजे दर पाच जणांमागे दोघं घरीच.

साठ लोकांवरून एक मतदारसंघ?

मतांची टक्केवारी कळली की ती जागांत बदलायची. जुनी रीत सोपी होती. डेव्हिड बटलर या ऑक्सफर्डच्या अभ्यासकाने 'स्विंग' ही कल्पना लोकप्रिय केली: गेल्या वेळेपेक्षा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती टक्के मतं सरकली ते बघा आणि तेवढीच सरक सगळ्या मतदारसंघांत धरा. बीबीसीवर १९५० च्या दशकापासून झळकणारा काटा, स्विंगोमीटर, याच कल्पनेवर चालायचा. हेच बटलर पुढे प्रणय रॉय यांच्याबरोबर भारतातल्या निवडणुकांच्या अभ्यासातही आले, आणि आपल्याकडच्या टीव्हीवरच्या निकालांच्या रात्री 'स्विंग' हा शब्द त्या वाटेनेच आला.

दोनच पक्ष असतील तोवर ही रीत ठीक चालली. पाच-सहा पक्ष झाले आणि ती तोकडी पडायला लागली. म्हणून गेल्या काही निवडणुकांत एमआरपी (मल्टिलेव्हल रिग्रेशन अँड पोस्टस्ट्रॅटिफिकेशन) नावाची पद्धत पुढे आली. नाव अवजड आहे, पण कल्पना समजण्यासारखी आहे.

समजा चाळीस हजार लोकांना विचारलं. ६५० मतदारसंघांत वाटले तर प्रत्येकी जेमतेम साठ लोक आले. साठ लोकांवरून हेन्डनचा किंवा लेस्टरचा निकाल सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. म्हणून मतदारसंघ बाजूला ठेवून आधी माणसांचे प्रकार पाडतात. भाड्याच्या घरात राहणारी, पदवीधर, तिशीची, गेल्या वेळी मजूर पक्षाला मत दिलेली बाई. किंवा स्वतःच्या घरात राहणारा, शाळेनंतर न शिकलेला, ब्रेक्झिटच्या बाजूने मत दिलेला सत्तरीचा पुरुष. अशा प्रत्येक प्रकारची माणसं कुणाकडे झुकतात ते चाळीस हजारांमधून कळतं. मग जनगणनेतून बघायचं की कुठल्या मतदारसंघात कुठल्या प्रकारची माणसं किती आहेत. दोन्हींचा गुणाकार करून बेरीज केली की प्रत्येक जागेचा अंदाज निघतो. २०१७ मध्ये यूगव्हने याच पद्धतीने बहुमत जाईल असं मतदानाआधी आठवडाभर सांगितलं होतं. तेव्हा कुणाचा विश्वास बसला नव्हता.

पण मग ४८४ आणि ४३० एवढा फरक का? कारण शेकडो जागा काठावर असतात. हुजूर पक्षाला दीड-दोन टक्के मतं इकडे-तिकडे झाली, किंवा त्यांची मतं बालेकिल्ल्यांत जास्त घटली की सगळीकडे सारखी, यावर पन्नास-साठ जागा पालटतात. २०२४ ला हेन्डनची जागा मजूर पक्षाने १५ मतांनी जिंकली. २०१७ मध्ये नॉर्थ ईस्ट फाइफचा निकाल दोन मतांनी लागला. कुठलंही गणित दोन मतं टिपू शकत नाही.

बाहेर पडणाऱ्याच्या हातात दुसरी मतपत्रिका

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आश्चर्य वाटावं इतकी अचूक असते. मतदान रात्री दहाला संपतं. दहाचे ठोके पडतात आणि बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय या तिन्ही वाहिन्या एकच एक्झिट पोल एकाच क्षणी जाहीर करतात. २००५ मध्ये त्याने मजूर पक्षाला ६६ चं बहुमत सांगितलं आणि तेवढंच निघालं. २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅटांचे नेते निक क्लेग यांची हवा असताना त्याने त्यांच्या पक्षाच्या जागा घटतील असं सांगितलं. स्टुडिओतल्या लोकांना ते पटेना, पण घटल्याच. २०१५ मध्ये आकडे बघून लिबरल डेमोक्रॅटांचे जुने नेते पॅडी अ‍ॅशडाउन टीव्हीवर म्हणाले की हे खरं निघालं तर मी माझी टोपी खाईन. एक्झिट पोलने त्यांच्या पक्षाला १० जागा दिल्या होत्या. मिळाल्या ८.

हे जमतं कसं?

देशभरातल्या हजारो मतदान केंद्रांपैकी सुमारे १३० केंद्रं निवडतात. कुठे शाळा, कुठे चर्चचा हॉल. आत मतदार दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने कागदावर फुली मारतो; मतदान यंत्र तिथे नाही. तो बाहेर आला की ठरावीक क्रमाने, म्हणजे दर अमुक माणसांमागे एकाला, कर्मचारी थांबवतो आणि खऱ्या मतपत्रिकेसारखाच एक कागद त्याच्या हातात देतो. आत्ता आत जे केलंत तेच यावर करा आणि या पेटीत टाका. तोंडाने काही विचारायचं नाही, त्यामुळे लाजायचा प्रश्न बराचसा मिटतो. शिवाय हा माणूस मतदान करूनच आलेला आहे. "उद्या जाणार का?" हे कोडंच उरत नाही.

खरी युक्ती केंद्रांच्या निवडीत आहे. शक्य तिथे गेल्या निवडणुकीतलीच केंद्रं पुन्हा घेतात. ब्रिटनमध्ये मोजणीआधी एका पेटीतल्या मतपत्रिका मतदारसंघातल्या दुसऱ्या पेट्यांमधल्या मतपत्रिकांत मिसळतात, त्यामुळे एखाद्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे अधिकृतपणे कधीच कळत नाही. म्हणून तुलना करायची ती आपल्याच गेल्या वेळच्या एक्झिट पोलशी. या केंद्रावर हुजूर पक्ष किती घसरला, रिफॉर्म किती वाढला? मोजायचं असतं ते बदलाचं माप. टपालाने मत देणारे बरेच असतात आणि ते या पेटीत कधीच येत नाहीत, तरी गाडी अडत नाही, कारण गेल्या वेळीही ते आले नव्हते.

मग तो बदल कुठल्या प्रकारच्या मतदारसंघात कसा दिसतो हे शोधतात. ब्रेक्झिटची मतं जास्त होती तिथे वेगळा, विद्यापीठांच्या शहरांत वेगळा. त्यावरून बाकीच्या शेकडो जागांचा अंदाज. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचे सर जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी हे काम दिवसभर एका बंद खोलीत करतात.

शेवटी जागांची बेरीज, आणि ती फार सुंदर पद्धतीने करतात. समजा दहा जागांवर एका पक्षाची जिंकण्याची शक्यता साठ टक्के आहे. आपण म्हणू, दहाही त्याच्या. तसं करत नाहीत. प्रत्येक जागेचे ०.६ धरतात आणि बेरीज येते सहा. कुठल्या सहा ते सांगता येत नाही, पण सहाच्या आसपास हे पक्कं. म्हणून एक्झिट पोल एकूण आकड्यात अचूक असतो आणि एकेका मतदारसंघाच्या बाबतीत साफ चुकू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

२०२४ ला दहाच्या ठोक्याला आकडे आले: मजूर ४१०, हुजूर १३१, लिबरल डेमोक्रॅट ६१, रिफॉर्म १३. विजेत्याची एक जागा चुकली. रिफॉर्मच्या मात्र १३ च्या पाचच आल्या, कारण इतक्या झपाट्याने वाढलेल्या पक्षाची गेल्या वेळची तुलना करायला फारसं काही नव्हतं.

न दिसलेली चूक

२०२४ बद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती बहुतेकांच्या लक्षातच आली नाही. आदल्या दिवशीच्या बहुतेक चाचण्यांत मजूर पक्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं होती. चाचण्या उत्तर आयर्लंड वगळून होतात. तसं मोजलं तरी प्रत्यक्षात साधारण पस्तीसच पडली. आघाडी अठराच्या आसपास सांगितली होती, निघाली दहा-अकरा. ही चूक १९९२ च्या तोडीची आहे! पण १९९२ ला विजेता बदलला म्हणून चौकशा झाल्या, आणि २०२४ ला कीअर स्टार्मर अपेक्षेप्रमाणे पंतप्रधान झाले म्हणून कुणी फारसं ओरडलं नाही. जागांच्या भरघोस पिकाखाली मतांची चूक झाकली गेली.

त्याच पिकात लेस्टर ईस्ट आहे. भारतीय, त्यातही गुजराती वस्तीचा मतदारसंघ, १९८७ पासून मजूर पक्षाचा गड. मजूर पक्षाचेच दोन माजी खासदार तिथे अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभे राहिले, मतं फुटली, आणि हुजूर पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या. त्या रात्री हुजूर पक्षाने विरोधकांकडून खेचून घेतलेली ती देशातली एकमेव जागा. शेजारच्याच लेस्टर साउथमध्ये मजूर पक्षाचे ज्येष्ठ नेते जोनाथन अ‍ॅशवर्थ गाझाच्या मुद्द्यावर अपक्षाकडून हरले. एकाच शहरात, एकाच रात्री, मजूर पक्षाच्या लाटेत दोन उलटे निकाल. स्थानिक राग सरासरीत दिसत नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री ब्रिटनमध्ये काय काय चालतं, तेही आपल्यापेक्षा बरंच वेगळं आहे. मतदान संपण्याआधी एक्झिट पोल जाहीर करणं दोन्ही देशांत गुन्हा आहे. पण आपल्याकडे मतदान संपण्याआधीचे ४८ तास टीव्हीवर जनमत चाचण्याही दाखवता येत नाहीत आणि जाहीर प्रचार थांबतो. ब्रिटनमध्ये आदल्या दिवसापर्यंत चाचण्या येत राहतात आणि मतदानाच्या दिवशीही कार्यकर्ते दारोदार फिरतात. वर्तमानपत्रं उघडपणे बाजू घेतात. ३ जुलैला 'द सन'ने मजूर पक्षाला पाठिंबा दिला, तर 'डेली टेलिग्राफ' आणि 'डेली मेल' हुजूर पक्षाच्या मागे राहिले. निवडणुकीवर सट्टा लावणं तिथे कायदेशीर आहे, त्यामुळे सट्ट्याच्या भावावरूनही लोक हवा ओळखू बघतात. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या दिवशी तो भाव युरोपात राहण्याच्या बाजूने होता, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचं ठरवलं.

मुंबईचे तिघे, आणि निखिलचं मत

१८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून दादाभाई नौरोजी लिबरल पक्षातर्फे निवडून आले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले हे गृहस्थ जिंकले ते पाच मतांनी. लोकांनी त्यांच्या नावाचं 'नॅरो-मेजॉरिटी' करून टाकलं. तीन वर्षांनी मुंबईचेच मंचरजी भावनगरी लंडनच्या बेथनल ग्रीनमधून निवडून आले, हुजूर पक्षातर्फे, आणि नौरोजींच्या स्वराज्याच्या मागणीला त्यांनी विरोध केला. १९२२ मध्ये मुंबईतच जन्मलेले शापुरजी सकलातवाला बॅटरसीमधून निवडून आले, ते कम्युनिस्ट. एकाच शहरातले तीन पारशी, तीन पक्ष, तीन टोकाची मतं. 'भारतीय मतदार कुणाकडे?' असा एकच प्रश्न विचारून एकच उत्तर मागणाऱ्यांना तेव्हाही ते मिळालं नसतं.

आणि निखिल? त्याला वाटतंय की हा आपला देश नाही, आपल्याला मत कुठलं. पण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. मुदतीत नाव नोंदवलं असलं पाहिजे, एवढंच. २०२३ पासून केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्रही दाखवावं लागतं, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. पुण्यात मिळालेला तोच गडद निळा पासपोर्ट टेबलावर ठेवायचा, कागद घ्यायचा, आणि आडोशाला दोरीला बांधलेली ती पेन्सिल उचलायची.